अकरा घरांच्या डिस्क

गंगाराम मोहित्यांना कागद उघडा दिसला की चैन पडत नसे. कागद आधी लॅमिनेट करायचा आणि मग सावकाश वाचायचा, असा त्यांचा क्रम. रेशनकार्ड, आधार, पेन्शनची ऑर्डर हे तर सगळेच करतात. गंगारामांनी मिक्सरचं गॅरंटी कार्डसुद्धा लॅमिनेट करून ठेवलं होतं. मिक्सर केव्हाच भंगारात गेला, कार्ड अजून नवं कोरं. जुईनगर स्टेशनसमोरचा झेरॉक्सवाला त्यांना लांबून येताना बघूनच मशीन तापवायला लावायचा. "अहो, आता मलाच तेवढं त्याच्यातून काढायचं राहिलंय," असं मुक्ताबाई म्हणायच्या आणि गंगाराम हसून सोडून द्यायचे.

घरातलं वेड हे, आणि घराबाहेरचं वेड म्हणजे मंडळ. आंबेखोल बौद्धवाडी विकास मंडळ, मुंबई. आंबेखोल हे कोकणातलं डोंगराच्या कुशीतलं गाव. तिथल्या बौद्धवाडीत अकरा घरं, अकराही मोहित्यांची, आणि अकराही घरांतली माणसं आता नेरूळ, घणसोली, जुईनगर, उलवे अशी पांगलेली. या मंडळानं वाडीत नळ आणला, डोंगरउतारावर पायऱ्यांची पाखाडी बांधली, विहार उभा केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गंगारामांच्या जुईनगरच्या घरी सभा. आधी वंदना, मग मागच्या सभेचं इतिवृत्त, मग भांडण, मग चहा. गंगाराम मंडळाचे सरचिटणीस, आणि ते कधीपासून आहेत हे आता कुणालाच आठवत नव्हतं.

अलीकडे मात्र सभेला पाच-सहा डोकी यायची. बाकीचे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अंगठा दाखवून मोकळे. मंडळाचा अध्यक्ष अंकुश हा ट्रॅव्हल्सच्या धंद्यातला, कायम घाईत असलेला माणूस. तो एकदा चहा पिता पिता सहज बोलून गेला, "काका, ग्रुप हाय ना आता. विहाराला पंचवीस वर्षं झाली की एक झकास कार्यक्रम करू आनि मंडळ आटपून टाकू. कशाला उगीच सगळ्यांना टेन्शन?"

जेवण आटपावं तसं हा मंडळ आटपायला निघाला होता. सभा गेली की ही अकरा घरं म्हणजे फोनमधले अकरा नंबर उरणार, हे गंगारामांना अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि त्यावर काय करावं हे अजिबात दिसत नव्हतं.

अशात मंडळाच्या कॉम्प्युटरनं आजारपण काढलं. हा कॉम्प्युटर गंगारामांच्याच घरी असायचा. विहाराच्या उद्घाटनाची जुन्या कॅसेटवरून उतरवलेली फिल्म, जयंतीची नाटकं, वाडीतली लग्नं, क्रिकेटचे सामने, गेलेल्या माणसांचे फोटो, सगळं त्याच्यात. एके सकाळी तो सुरू करताना आतून जातं फिरल्यासारखा आवाज आला. त्यांची मुलगी राजश्री महापेच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. तिनं नुसतं ऐकूनच कपाळाला हात लावला. "पप्पा, ही हार्डडिस्क चालली. यातलं सगळं लगेच दुसरीकडे काढा."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हा विषय सभेपुढे आला, आणि त्या रविवारी चक्क दहा घरची माणसं हजर झाली. आपल्या मालकीचं काहीतरी दुसऱ्याच्या घरात चाललंय असा वास आला की मोहिते कुठूनही येतात.

राजश्रीनं आधी क्लाउड सुचवलं.

"अकाउंट कुनाच्या नावावर?" अंकुशनं विचारलं.

"माझ्या नावावर काढते ना."

"म्हंजे परत गंगारामकाकांच्याच घरात." क्लाउड तिथंच विरून गेलं. पेनड्राइव्हचं नावही कुणी काढू दिलं नाही, कारण मागचा पेनड्राइव्ह कुणाच्या तरी हळदीत डीजेवाल्याकडे गेला तो गेलाच. राहता राहिल्या डिस्क. राजश्रीनं पिशवीतून एकेक नमुना काढून चटईवर मांडला आणि कासारणीसमोर बसावं तशी सभा त्याभोवती सरकून बसली.

साधी सीडी पहिल्याच फेरीत बाद झाली. तिच्यात मावतं इतकं थोडं की प्रत्येकाच्या घरात पाच-सहा ठेवाव्या लागल्या असत्या. मग राजश्रीनं एक डीव्हीडी उचलली. "ही आरडब्ल्यू. हिच्यावरचं पुसून परत लिहिता येतं."

मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "पुसून म्हंजे? कोन पुसनार?"

"कुणीही पुसू शकतं. म्हणजे सोय आहे तशी."

"सोय नको ती आपल्याकडं," अंकुश म्हणाला. "एकदा लिवलं की लिवलं. ही दुसरी कुठली?"

"ही आर. एकदाच लिहिता येते, नंतर पुसता येत नाही. यात दोन प्रकार, एक वजा आणि एक अधिक. कुठलीही चालेल."

"मग वजा कशाला? अधिकच घ्या," असं तीन बायका एकदम म्हणाल्या, आणि त्यावर कुणाला हरकत घ्यावीशी वाटली नाही.

हजार वर्षं टिकते असं कंपनी सांगते, तीही एक डिस्क राजश्रीनं आणली होती. ती सगळ्यांनी हातात घेऊन वजन बघितलं. पण हजार वर्षांनी ती बघणार कोण, आणि तोवर वाडीवर विमानतळ झाला नसेल कशावरून, असा प्रश्न निघाला आणि ती मुकाट्यानं पिशवीत गेली. शेवटी राहिली ब्लू-रे. राजश्रीचा जीव तिच्यावरच होता. "ही दोन थरांची आहे. मंडळाचं सगळंच्या सगळं या एकीवर मावतं. एकच डिस्क!"

"एकच?" अंकुशनं चष्मा वर केला. "मग ती ऱ्हानार कुनाच्या घरी?"

ब्लू-रेचा निकाल लागायला एवढं एक वाक्य पुरलं.

अकरा घरांना अकरा डीव्हीडी, अधिकवाल्या, असं ठरलं. ठरलं म्हणेपर्यंत खरं भांडण सुरू झालं, कारण कुणाच्या डिस्कवर काय टाकायचं? विहाराचं उद्घाटन सगळ्यांनाच हवं होतं आणि क्रिकेटचे सामने कुणालाच नको होते, कारण वाडी त्यात एकदाही जिंकलेली नव्हती. उद्घाटन ज्याच्या घरी जाईल तो उद्या बाकीच्यांना दाखवायला आढेवेढे घेईल, याबद्दल मात्र एकमत होतं. तासभर घसे बसवल्यावर अंकुशला तोडगा सुचला.

"राजश्री, समद्याची एक मोळी बांधता येते काय?"

"येते की."

"मग बांध. आनि त्या मोळीचे सारखे अकरा तुकडे कर. एकेका घराला एकेक तुकडा. कुनाला कमी नको, कुनाला जास्त नको."

"अंकुशदादा, तसं करता येतं. पण मग एका तुकड्यात कुणाला काहीच दिसणार नाही. अकराही एकत्र आणून जोडले तरच उघडेल. एक जरी खराब झाला तरी सगळं गेलं."

"बरोबर! तेच पायजे!" सभेनं एका आवाजात सांगितलं. "आनि झालं की कॉम्प्युटरमदलं पुसून टाक."

राजश्री तरातरा स्वयंपाकघरात गेली. गंगाराम मागोमाग गेले. "पप्पा, याला बॅकअप म्हणत नाहीत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बॅकअप म्हणजे एक हरवली तरी दुसरी हाताशी. तुम्ही हरवायच्या अकरा जागा केल्यात! तुम्ही सरचिटणीस आहात, तुम्ही तरी समजवा त्यांना. हवं तर मी प्रत्येक घराला सगळंच देते, अकरा-अकरा डिस्क. महिनाभर बसेन लिहीत."

पोरगी खरं बोलत होती, आणि गंगारामांना ते पटतही होतं. पण त्यांना त्याच क्षणी दुसरंही काहीतरी कळलं होतं. अकरा डिस्क एकत्र यायच्या म्हणजे अकरा घरं एकत्र यायला हवीत. अंगठा दाखवून डिस्क येत नाही, ती घेऊन माणसालाच यावं लागतं. प्रत्येक घरात सगळं देऊन ठेवलं तर कोण कशाला जुईनगरचा जिना चढेल? त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की त्यांनी तिथल्या तिथं दोन बिस्किटं खाल्ली. मग बाहेर येऊन, ठराव चुकीचा आहे हे पुरतं उमजून, आयुष्यात पहिल्यांदाच एक चुकीचा ठराव त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

राजश्रीनं नाक मुरडत का होईना काम चोख केलं. दहा डिस्क वाटून झाल्या. अकरावी सितारामची होती.

सिताराम हा गंगारामांचा चुलतभाऊ. एका अंगणात वाढलेले, एका पाटीवर अक्षरं गिरवलेले दोघं. वंदना झाल्यावर येईल तो गैरहजर, असा मंडळाचा नियम होता. एका सभेला सिताराम वेळेत आला, पण वंदनेच्या वेळी गॅलरीत फोनवर बोलत राहिला, आणि सरचिटणिसांनी त्याला गैरहजर लिहिलं. "गैरहजर काय? मग आता गैरहजरच!" असं म्हणून तो जो उठला तो परत सभेला आला नाही. पुढे उलव्याला फ्लॅट घेऊन गेला, वास्तूचं आमंत्रण आलं ते मुक्ताबाईंच्या नावानं. त्याची डिस्क कुरिअरनं पाठवू, असं गंगाराम म्हणाले. मुक्ताबाईंनी पिशवी उचलली, स्वतः उलव्याला जाऊन डिस्क देऊन आल्या आणि वर जेवूनही आल्या.

स्वतःची डिस्क गंगाराम बरेच दिवस हातात घेऊन फिरवत होते. सगळ्यांनी डिस्क नीट सांभाळाव्यात अशी नोटीस त्यांनीच काढली होती. मग खुद्द सरचिटणिसांची डिस्क अशी उघडीवाघडी कशी ठेवायची? ते स्टेशनसमोर गेले.

"काका, गरम मशीनमदी वितळेल ही," झेरॉक्सवाला म्हणाला. "पायजे तर थंड लॅमिनेशन करून देतो, चिकटवायचं असतंय ते."

गंगारामांनी विचार केला. फोटो लॅमिनेट केला तरी दिसतो, मग कॉम्प्युटरला डिस्क दिसायला काय झालं? "दोन्ही बाजूंनी कर," ते म्हणाले, "आणि कडा गोल काप." डिस्क इतकी सुरेख दिसायला लागली की कपाटात ठेवण्याआधी त्यांनी ती दोनदा उजेडात धरून बघितली. मुक्ताबाईंनी पाहिली, पण यांचं हे नेहमीचंच म्हणून सोडून दिली.

वर्ष सरलं. बुद्धपौर्णिमेला विहाराला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. गावाहून निरोप आला की त्या दिवशी उद्घाटनाची फिल्म पडद्यावर दाखवायची आहे, तेव्हा ती घेऊन या. गंगारामांनी नोटीस काढली: सर्व घरांनी आपापल्या डिस्कसह सभेस उपस्थित राहावे. खाली विषय लिहिले. विषय एक, डिस्क जोडणे. विषय दोन, कार्यक्रमाची आखणी. विषय तीन अंकुशनं मुद्दाम फोन करून घालायला लावला होता: मंडळाच्या समाप्तीबाबत विचार करणे. तो लिहिताना गंगारामांचं अक्षर पहिल्यांदाच जरा बिघडलं.

राजश्रीनं तेव्हा गुपचूप एक कॉपी आपल्याकडे ठेवली होती, खोटं कशाला सांगा. पण ती ऑफिसच्या लॅपटॉपवर, आणि मधल्या काळात ऑफिसनं लॅपटॉप बदलून दिला. तेव्हा आता खरोखरच अकरा घरं आणि अकरा डिस्क, एवढाच काय तो भरवसा होता. आणि सितारामकडून काहीच उत्तर नव्हतं. तीन दिवस वाट बघून राजश्रीनंच त्याला फोन लावला. डिस्क कुणाबरोबर तरी पाठवता का, असं तिनं विचारलं.

"कुनाच्या हातात देनार नाय मी," तो फोनमधून गंगारामांना ऐकू जाईल असं गरजला. "माझा तुकडा मी घेऊन येनार, समोर बसून जोडून घेनार, नि परत घेऊन जानार. तुमचा काय भरवसा?"

गंगारामांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना पेपर तोंडासमोर धरावा लागला.

त्या रविवारी दोन खोल्यांच्या घरात पस्तीस-चाळीस माणसं आली. चपला खालच्या मजल्यापर्यंत पोचल्या. सोसायटीचा वॉचमन वर येऊन, साखरपुडा कुणाचा, असं विचारून गेला. सिताराम सगळ्यांच्या आधी येऊन, पण कुणी बघू नये म्हणून, बिल्डिंगखाली पानाच्या टपरीशी उभा राहिला होता. वंदनेला तो पहिल्या रांगेत उभा राहिला आणि इतक्या खड्या आवाजात म्हणाला की पलीकडच्या विंगेत ऐकू गेलं असेल. मग दाराजवळ जाऊन बसला. गंगारामांकडे त्यानं बघितलं नाही.

राजश्री एकेका घराची डिस्क मागून घेत लॅपटॉपमध्ये घालू लागली. कुणी ती उशीच्या अभ्र्यातून आणली होती, कुणी दमट हवा लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती आणि आता तिच्या पाकिटातून दोन दाणे निघाले. प्रत्येक डिस्क उतरली की ते घर पोरगं पास झाल्यासारखं आजूबाजूला बघायचं. सितारामची तर रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. तीही पहिल्या फटक्यात उतरली. दहा झाल्या.

"पप्पा, आता आपली."

गंगारामांनी कपाट उघडलं आणि डिस्क आणून ऐटीत तिच्या हातावर ठेवली. राजश्रीनं ती बघितली, उलटी करून बघितली. मधल्या भोकावर बोट फिरवलं. तिथं भोक नव्हतंच, गुळगुळीत प्लास्टिक होतं.

"पप्पा, हे काय?"

"लॅमिनेशन."

राजश्री खाली बसली. तिचा चेहरा बघून गंगारामांना कळलं की काहीतरी भयंकर झालंय, आणि ते आपणच केलंय. ही डिस्क यंत्रात बसणारच नाही, हे तिनं सगळ्यांना सांगितलं. उशीत ठेवणाऱ्यांची डिस्क नीट, तांदळात पुरणाऱ्यांची नीट, आणि वाडीची पंचवीस वर्षांपूर्वीची माणसं बुडवली कुणी, तर नोटिसा काढणाऱ्या सरचिटणिसांनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भरलेल्या या सभेतून उठून जिना उतरून कुठंतरी निघून जावं असं त्यांना वाटलं.

दाराजवळून सिताराम उठला. माणसांतून वाट काढत आला, राजश्रीच्या हातातून डिस्क घेतली आणि खिडकीकडे धरली. आता हा काय काय बोलणार, म्हणून सगळे माना लांब करून बघायला लागले.

"कडा बघा कशा गोल कापल्यात," तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. तो हसला तसं अख्खं घर हसलं. मग तो गंगारामांकडे वळला. "बसलास काय असा? सोलू या चल."

मग काय, अकरा घरांकडून अकरा सल्ले आले. कुणी पेट्रोल म्हणालं, कुणी रॉकेल, एका सुनेनं नेलपॉलिश काढायचं लिक्विड पर्समधून बाहेरही काढलं. राजश्री दोन्ही हात पसरून आडवी आली. "त्यानं डिस्कच वितळेल! नुसती फिल्म काढा, हळू. सीडी असती तर जिच्यावर सगळं लिहिलेलं असतं ती चांदी फिल्मबरोबर निघून आली असती, तिची वरच्याच अंगाला असते. डीव्हीडीची दोन थरांच्या मध्ये असते, म्हणून आशा आहे."

मुक्ताबाईंनी कात्रीनं कडेकडेनं फिल्म कापली आणि नखानं टोक उचलून दिलं. सितारामनं डिस्क दोन बोटांत कडेला धरली, गंगारामांनी फिल्म ओढायला घेतली, मुंगीच्या पावलानं. एक बाजू निघाली, दुसरी निघाली. पण डिंक तसाच राहिला, डिस्क बोटांना चिकटायला लागली.

"खोबरेल आणते," मुक्ताबाई म्हणाल्या. "नव्या भांड्याचं लेबल काढतो ना, तसं करायचं."

राजश्रीनं क्षणभर विचार केला. "चालेल. नंतर साबणाच्या पाण्यानं धुऊ."

दोघं म्हातारे मांडीला मांडी लावून बसले. एकानं डिस्क धरायची, दुसऱ्यानं कापसाच्या बोळ्यानं तेल चोळायचं. बाकीची मंडळी डोक्यांचा घेर करून बघत होती, पण थोड्या वेळानं त्यांना कंटाळा आला आणि ती आपापसांत बोलायला लागली. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, कुणाचा गुडघा बदलला होता, आणि हे एकमेकांना आजच कळत होतं. त्या गलक्यात सितारामनं खालच्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी माझा आवाज आत येत व्हता का नव्हता?"

गंगाराम तेल चोळत राहिले. "येत होता."

"मग?"

"मग हजर लिहायला पाहिजे होतं."

"हां," सिताराम म्हणाला. "इथं जरा जास्त चोळ, अजून चिकट हाय."

धुऊन, मऊ फडक्यानं मधून बाहेर अशी पुसून डिस्क लॅपटॉपमध्ये गेली. ती आत घुरघुरली, थांबली, परत घुरघुरली. गंगारामांनी डोळे मिटून घेतले होते. मग राजश्री ओरडली, "वाचतेय! वाचतेय!" आणि गंगारामांचा जीव भांड्यात पडला. निवडणुकीच्या निकालाला होत नाही एवढा आरडाओरडा झाला. वॉचमन परत वर आला, तर कुणीतरी त्याच्या हातात चहाच दिला.

मोळी उघडली. टीव्हीला जोडून उद्घाटनाची फिल्म लावली तर कुणाला काही ऐकूच येईना, कारण प्रत्येक जण पडद्यावर बोट दाखवून ओरडत होता. ही बघ आमची आये, तो बघ धाकटा, केस बघ किती होते! पडद्यावर गंगाराम काळ्याभोर मिशांनिशी माईक धरून सूचना देत होते, आणि त्यांच्या मागं सिताराम पताकेच्या दोरीत पाय अडकून पडत होता. ते दृश्य तीनदा मागं घेऊन बघितलं गेलं. तिसऱ्यांदा तर सितारामनंच लावायला सांगितलं.

सगळे जरा शांत झाल्यावर राजश्री उभी राहिली. "आता एक सांगते, रागावू नका. आज नशिबानं वाचलो. आता मी प्रत्येक घराला सगळंच्या सगळं देणार."

सगळे गंगारामांकडे बघायला लागले. गंगारामांना नाही म्हणायला तोंडच नव्हतं. आणि नाही म्हणायचंही नव्हतं. ही माणसं पडद्यावर आपली माणसं कशी शोधत होती, ते त्यांनी बघितलं होतं. ती पुन्हा कुणाच्या खुळापायी धोक्यात घालायची नव्हती. पुढच्या रविवारी मग कुणी आलं नाही तरी चालेल, असं त्यांनी मनाला बजावलं. ते बजावताना आत फार दुखलं. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "तो ठराव मीच लिहून घेतला होता, चुकीचा होता. सगळ्यांना सगळं द्यावं."

"माझी हरकत हाय," सिताराम म्हणाला.

"आता काय?" अंकुशनं डोक्याला हात लावला.

"समद्यांना समदं दिलं तर हितं परत येनार कोन? मी तर नाय येनार. आज काय डिस्क बघायला आलोय होय मी?" तो क्षणभर थांबला, आपण भलतंच काही बोललो की काय असा. मग घाईनं पुढं म्हणाला, "तुकडेच ठेवा. पन एकेका घरात दोन-दोन. एक आपला, एक दुसऱ्याचा. एकाचा गेला तर दुसऱ्याकडं हाय. काय गं राजश्री, चालतंय काय असं?"

राजश्रीनं मनात जुळवून बघितलं. एका वेळी एकच घर गफलत करील, तर काहीही हरवणार नव्हतं. "चालतंय," ती हसून म्हणाली. "याला बॅकअप म्हणतात."

"मग गंगारामचा तुकडा माझ्याकडं दे. हा उद्या परत तिला फ्रेम करून भिंतीला लावील. माझा याच्याकडं ऱ्हाऊ दे. आनि पुढच्या महिन्याची सभा उलव्याला, माझ्याकडं. डिस्क आनू नका कोन. नुसते या, जेवायलाच या."

गंगारामांना ते लगेच लिहून घेता आलं नाही. पेन होतं हातात, पण कागदावरचं दिसत नव्हतं. मुक्ताबाईंनी पदरानं त्यांचा चष्मा पुसून दिला. मग त्यांनी ठराव लिहिला, खाली पाहिलं आणि म्हणाले, "अध्यक्ष, विषय नंबर तीन राहिला. मंडळाच्या समाप्तीबाबत."

अंकुशनं भरलेल्या घरावरून नजर फिरवली. त्याची बायको कुणाच्या तरी सुनेकडून कसलीशी रेसिपी लिहून घेत होती आणि पोरगं कोपऱ्यात चुलत-चुलत भावंडांत हरवलं होतं.

"आज उशीर झाला काका," तो म्हणाला. "तो उलव्याला घेऊ."

"माझ्या घरी जेवनाच्या टायमाला असले विषय नाय चालनार," सिताराम म्हणाला.

"बरं, मग त्याच्या पुढच्या सभेत घेऊ."

"त्याच्या पुढच्या सभेत," गंगारामांनी मोठ्यानं म्हणत म्हणत लिहिलं आणि तिथं सही केली.